आधी आत हात घाल

कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ कुठून येते हे आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. जाळी लावा, वरून कपडा घाला, वर्षभराने उघडा. आत उशी भरण्याइतका कापूस. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच आहे. कुणी आणून टाकत नाही, आपले आपण साठतात. मग कधीतरी मशीन गरम व्हायला लागतं आणि ब्लोअर मारून सगळं बाहेर काढावं लागतं. आज तेच करतोय. नाकावर रुमाल धरा.

आमचं कॉम्प्युटरचं दुकान वसईत पापडीला, इनासकाकाच्या घराच्या ओटीवर. पुढे दुकान, मागे घर, मधे एक फुलाफुलांचा पडदा. पडद्यामागे फिलूमावशी, म्हणजे काकाची बायको. तिला दुकानातला प्रत्येक शब्द ऐकू जातो आणि तिची मतं पडद्यातूनच बाहेर येतात.

मी नितेश, जूचंद्रचा. डिप्लोमा मधेच सोडला. कारण विचारू नका, विचारणारे खूप झाले. आमच्या कॉलेजात एक लेथ मशीन होतं, त्यावर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि ते कव्हर फक्त तपासणीचे साहेब आले की निघायचं. असल्या ठिकाणी बसून मी काय शिकणार होतो, कव्हर काढायला? तिथून उठलो आणि काकाकडे आलो.

काका पूर्वी वसई पूर्वेला एका गाळ्यात पत्र्याच्या प्रेसवर होता. त्यामुळे पत्र्याशी त्याचं जुनं वैर आहे. नवीन मॉडेलचं कुठलंही कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, दुकानात ठेवायच्या आधी काका ते रिकामं करून टेबलावर आडवं करतो. एका बाजूचा पत्रा काढतो. उजवी बाही कोपराच्या वर सारतो. आणि डोळे मिटून हात आत घालतो. पुढच्या फॅनच्या मागून, हार्डडिस्कच्या पिंजऱ्यातून, मदरबोर्ड बसतो त्या पत्र्याच्या पाठीमागून, केबली जायच्या भोकांमधून. बोटांच्या टोकांनी एकेक कड चाचपत जातो. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही. चर्चमध्ये मिस्सा चालू असल्यासारखी शांतता. मग डोळे उघडतो आणि एकच शब्द बोलतो. पास, नाहीतर फेल.

"काका, डोळे कशाला मिटतोस?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"मदरबोर्ड बसला, पॉवर सप्लाय बसला, केबली आल्या, की आतलं दिसतं कुणाला? शेवटचा स्क्रू सगळे आंधळेच लावतात."

कॉलेजात एकाही मास्तराने इतकं सरळ वाक्य उच्चारलं नव्हतं.

*

विशाल नावाचा एक सेल्समन यायचा. टाय, बॅग, आणि तोंडात साखर. एकदा तो काचेचं कॅबिनेट घेऊन आला. आत सात रंगांचे लाइट. लावले तर दुकान म्हणजे गणपतीचा मंडप.

"सर, एकदम प्रीमियम. देखिए लुक."

काकाने प्लग काढला. लाइट गेले. फॅन काढले, काच काढली, उरला तो पातळ पत्रा. बाही वर, डोळे बंद, हात आत. बाहेर आला तेव्हा अंगठ्यावर बारीक ओरखडा.

"फेल."

"सर, पर कस्टमर तो कभी अंदर हाथ नहीं डालेगा."

"मी घालणार ना," काका म्हणाला. "लाइट कापत नाही बाळा, पत्रा कापतो."

विशाल माल उचलून निघाला. पडद्यातून फिलूमावशी म्हणाली, "चहा तरी पिऊन जा रे. तू फेल नाही, डबा फेल."

*

सावंतकाका बोळिंजला राहतात. मूळचे कोकणातले, बँकेतून रिटायर, सोसायटीचे सेक्रेटरी. घरात त्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून रोज स्कूटर मारत आमच्याकडे येतात. त्यांना प्रत्येक कॅबिनेट फ्लॅटसारखं दिसतं.

"एन्ट्री चांगली आहे," वाकून बघत म्हणतात. "हवा पुढून आत, मागून बाहेर. क्रॉस व्हेंटिलेशन. पण हे खाली सप्लायला कोंडलंय ते बरोबर नाही. किचनला खिडकी नको?"

एकदा खोक्यावर छापलं होतं की आत लांबातलं लांब ग्राफिक्स कार्ड बसेल. आम्ही बसवायला गेलो तर कार्डाचं नाक पुढच्या फॅनला लागलं. सावंतकाकांना एवढा आनंद झाला की खुर्चीतून उठले.

"मी सांगतो काय झालंय. ह्यांनी फॅन न धरता मोजलंय. हे सुपर बिल्टअप आहे. कार्पेट एरिया विचारा त्यांना, कार्पेट! लोक ब्रोशर बघून भुलतात हो. मेजरिंग टेप घेऊन आत उभं राहायला नको?"

काका स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू सैल करत होता. मान वर न करता म्हणाला, "सावंत, तुझा फ्रिज कुठे आहे?"

सावंतकाका वाकून परत कार्ड बघायला लागले.

"कुठे आहे?"

"हॉलमध्ये."

"का?"

"किचनच्या दारातून जात नाही."

पडद्यामागे फिलूमावशीला ठसका लागला.

*

माझा बाप शेती करतो आणि उरलेल्या वेळात रिक्षा चालवतो. मी कॉलेज सोडल्यावर तो माझ्याशी फक्त जेवायच्या वेळी बोलायचा, तेही "वाढ" एवढंच. एक दिवस पॅसेंजर सोडून दुकानात डोकावला. मी तेव्हा एका पोराच्या मशीनमध्ये पाण्याचा कूलर बसवत होतो. काचेच्या डब्यात नळ्या, नळ्यांतून निळं पाणी.

बाप बराच वेळ बघत राहिला. "ह्ये काय?"

"पाणी आहे बाबा. आतला चिप तापतो, त्याला थंड ठेवतं."

"पानी? या डब्यान?"

"हो."

"आन् लाइट बी याच डब्यान?"

"हो."

"आपले शेतान मोटर भिजली तवा मना कोन बोलला व्हता, पानी आन् लाइट येके जागी ठेवू नको?"

"मीच."

बाप वळला आणि काकाला म्हणाला, "आता मना समजला. यानी कालेज सोरला नाय. कालेजनी याला वेलेवर वलखला."

काका इतका हसला की हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. हसू आवरल्यावर त्याने बापाला रिकाम्या कॅबिनेटमध्ये हात घालायला लावला. बापाने खांद्यापर्यंत घातला, सगळीकडे फिरवला, काढला. "बरा हाय. काय लागत नाय."

"तुला लागणार नाही, पाटील. तुझ्या हाताची ढाल झालीय," काका म्हणाला. "ह्या कामाला बोट लोण्यासारखं लागतं."

तेव्हा मला कळलं की काका दुकान बंद करून आत जाताना बोटांना खोबरेल का चोळतो. मी आपला इतके दिवस समजत होतो की म्हातारा नटतो.

*

देसाई मास्तर कॅबिनेट बदलायला आले. गावातल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. असल्या अभिमानाचं मला काही कौतुक नाही, पण ते राहू दे.

मी त्यांना नवीन मॉडेलं दाखवली. त्यांना एकही पटेना.

"समोर कप्पे कुठे आहेत?"

"सर, ते सीडीवाले कप्पे आता कुणी देत नाही. सीडी कोण वापरतं? कप्पे काढले की हवा खेळते, मोठा फॅन बसतो."

"मला कप्पेच हवेत. दोन तरी. आणि खालचा हवेशीर पाहिजे."

"कशाला?"

मास्तरांनी पडद्याकडे बघून आवाज उतरवला. "मऊ पडते."

"काय मऊ पडते?"

मास्तरांनी सोबत आणलेल्या जुन्या कॅबिनेटवर हात ठेवला. मी उघडलं. सीडी ड्राइव्हच्या जागी फक्त पुढचं झाकण होतं आणि झाकणामागे चिक्कीचा पत्र्याचा डबा. डायबेटिसचा माणूस! रोज सकाळी बायको देवपूजेला बसली की हा मनुष्य "मेल बघतो" म्हणून कॉम्प्युटरसमोर बसायचा.

मी सरळ सांगितलं, "सर, वर्गात च्युइंगम सापडलं की तुम्ही बाकावर उभं करायचात ना?"

मास्तर रागावून निघून गेले. पण चिक्कीचा डबा आमच्याकडेच ठेवून गेले, शोकेसमधल्या जुन्या मॉडेलच्या खालच्या कप्प्यात. अजून येतात, "मेल बघायला".

दोन दिवसांनी मास्तरांच्या मिसेस आल्या. खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "असं कॅबिनेट द्या, ज्यात कॉम्प्युटर सोडून दुसरं काहीही मावणार नाही."

*

हा किस्सा नाही, पण ह्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नाताळच्या आधी काका स्टुलावर चढून दारावर कागदी तारा टांगत होता. हातातली हातोडी पडली. पडली, हे त्याला आवाजावरून कळलं. मग तो खाली उतरायला गेला आणि उतरता येईना.

पॅरालिसिसचा हलका झटका होता. हॉस्पिटलातून घरी आला तेव्हा पाय ठीक, बोलणं ठीक, उजवा हात उचलतो, वस्तू धरतो. पण बोटांची टोकं बधिर. डॉक्टर म्हणाले, "जाणीव परत येईल, नाहीही येणार. वाट बघायची." हे त्यांनी काकाला सांगितलं आणि काकाने आम्हाला सांगितलं की डॉक्टर म्हणाले सगळं झकास आहे.

दुकान उघडल्यावर पहिलं कॅबिनेट आलं. काकाने बाही वर केली, डोळे मिटले, हात आत घातला. नेहमीसारखा सगळीकडे फिरवला. डोळे उघडले.

"पास."

मी बघत होतो ते खाली, खोक्यातून निघालेल्या पांढऱ्या थर्माकोलकडे. त्यावर लाल रेघा. काकाची दोन बोटं कापली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. माझी नजर गेली तशी त्याची गेली.

मला राग आला. म्हातारी माणसं खरं सांगत नाहीत ह्याचा मला आधीपासून राग आहे. एक चिक्की लपवतो, दुसरा फ्रिज, तिसरा बोटं.

"काका, हे पास कुणी केलं? बोटांनी की इज्जतीनं?"

सावंतकाका मला दटावायला उठले. काकाने त्यांना हातानेच थांबवलं. थर्माकोल उचलून उलटा ठेवला. बाही खाली ओढली आणि मनगटाचं बटण लावलं.

"यापुढे जो माल येईल तो घ्या," म्हणाला.

ते बटण काही उघडेना. दुकान चालू होतं, गिऱ्हाईक येत होतं. पण काका गल्ल्यामागे बसून नुसता रस्ता बघायचा. आत हात घालणाऱ्या माणसाला गल्ल्यावर बसवलं की तो उरत नाही. हे सगळ्यांना दिसत होतं, आणि बोटं परत येतील की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

*

मग इलाज सुरू झाले. सावंतकाकांनी गावाहून तेल मागवलं, त्याच्या वासाने गिऱ्हाईक दारातून परत जायचं. माझा बाप कसलासा पाला घेऊन आला. फिलूमावशी गरम पाणी, मग बर्फ, मग गरम पाणी. शिवाय सावंतकाका खिशात सेफ्टीपिन ठेवायला लागले. काका पेपर वाचत असला की हळूच बोटाला टोचायची.

"लागलं?"

"मी माणूस आहे की बायकांची टाचणीची उशी?"

"लागलं की नाही ते सांग."

ह्या छळाला कंटाळून काकाने युक्ती काढली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पिन येताना दिसली की जोरात ओरडायचं, "आई गं!"

पहिल्यांदा ओरडला तेव्हा सावंतकाकांनी आनंदाने टाळी वाजवली. "आली! जाणीव आली!" ते फोन काढून सगळ्या सोसायटीला कळवायला निघाले. पडदा बाजूला झाला. फिलूमावशी हात पुसत बाहेर आली, काकाच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"काही आलेलं नाही," ती म्हणाली. "नाटक करतोय."

"अहो, आई गं म्हणाला तो!"

"म्हणूनच. प्रेसवर वाढलेला माणूस आहे हा. ह्याला खरं लागलं ना, तर हा स्वतःच्या आईचं नाव घेत नाही. दुसऱ्याच्या आईचं घेतो."

काका पेपरामागे गेला.

*

ईस्टर होऊन गेला होता. दुपारी विशाल नवीन मॉडेल घेऊन आला. ह्या वेळी टाय नव्हता, तोंडातली साखरही कमी होती. काका आजारी पडल्यापासून आमच्याकडे सगळा माल न तपासता खपत होता, तरी विशालने सवयीने कॅबिनेट टेबलावर आडवं केलं, पत्रा काढला आणि बाजूला उभा राहिला.

काका गल्ल्यामागून म्हणाला, "नित्या, तू बघ."

मी बाही सारली, डोळे मिटले, हात घातला. कुठे काही लागलं नाही.

"पास," मी म्हटलं.

"पुढची पट्टी बघितलीस?"

"बघितली."

"भोकांच्या रबरी रिंगा?"

"घट्ट आहेत."

"सप्लायच्या वरचा मागचा कोपरा?"

"बघितला ना."

"खोटं बोलतोस. तुझं कोपर बाहेर होतं. त्या कोपऱ्यात बोट न्यायचं तर कोपर आत जावं लागतं."

"मग तूच घाल," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं असं सावंतकाकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

काका उठला. टेबलापाशी आला. मनगटाचं बटण काढायला त्याला वेळ लागला, डाव्या हाताने काढत होता. कुणी मदत केली नाही. बाही वर गेली. सवयीने डोळे मिटले.

"हे बघ, असं जायचं. इथून खाली. मग तळहात उलटा करायचा. मग कोपर आत. आणि इथे, ह्या कोपऱ्यात..."

आणि काकाने, ज्याने कुणी तो पत्रा कापला असेल त्याच्या आईचं नाव घेतलं. पूर्ण वाक्यात. मोठ्याने. समोरच्या बेकरीवाल्याने वळून बघितलं.

पडदा बाजूला झाला. फिलूमावशी हातात डाव घेऊन उभी. "काय म्हणालास?"

काकाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. त्याने हात बाहेर काढला. तर्जनीच्या टोकाला लाल ठिपका. तो बोट डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिला. मग हात परत आत घातला, त्याच कोपऱ्यात. आणि त्याच माणसाच्या आईचं नाव परत घेतलं, ह्या वेळी हळू.

"अंगठा बघतो," म्हणाला. "हां. अंगठ्याला आहे. मधलं... थोडं आहे. करंगळी..." आम्ही सगळे वाकलो. "करंगळी अजून नाही."

विशाल पांढराफटक पडला होता. "सॉरी सर. फिनिशिंग में थोड़ा प्रॉब्लेम होगा. मैं कंपनी में बोलता हूँ."

सावंतकाकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत सुटले. "अभिनंदन. फारच वाईट माल आहे तुमचा. इतका घाणेरडा पत्रा मी उभ्या आयुष्यात बघितला नाही. थँक यू. मनापासून थँक यू."

फिलूमावशीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला आणि त्याच हाताने काकाच्या पाठीत डाव हाणला. "दुकानात शिव्या देतोस?" मग तोच डाव धरून पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते.

मी शोकेसमधल्या कॅबिनेटचा खालचा कप्पा उघडला आणि देसाई मास्तरांची चिक्की सगळ्यांना वाटली. खरंच, मऊ पडली नव्हती.

विशालने तुकडा हातात धरून ठेवला होता, खात नव्हता. शेवटी कॅबिनेटकडे बोट केलं. "सर, तो ये माल वापस ले जाऊँ?"

"खबरदार," काका म्हणाला. त्याचा हात अजून आतच होता. "हे इथून हलणार नाही. विकत घेतलं मी."

"मतलब, पास?"

"फेल! एकदम फेल. तुझ्या शेठला सांग, इनासने फेल केलं."

विशालने बॅग उचलली आणि बाहेर स्कूटरपाशी गेला. हेल्मेट घातलं, काढलं. मला खूण करून बोलावलं.

"भाई, तू पढ़ा-लिखा है. सच बता. पास हुआ कि फेल?"

"फेल," मी म्हटलं. "घे, अजून एक चिक्की घे."